शीतगृहातील अमोनिया यंत्र व बटाट्याची साठवण

महाराष्ट्रात रब्बी बटाट्याची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते. पुढे उन्हाळा असल्याने, जो माल राखून ठेवावयाचा तो शीतगृहात न्यावा लागतो. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात राहिल्यास त्यास कोंब फुटत नाहीत व सडण्याचे प्रमाणही कमी राहते. शीतगृहाचे यंत्र मोठे आहे, तेव्हा माल केव्हाही व कितीही नेला तरी चालेल, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे. यंत्राच्या पाटीवर लिहिलेले सामर्थ्य विशिष्ट परिस्थितीपुरते खरे असते. परिस्थिती पालटली की सामर्थ्यही पालटते.

यंत्राचे कार्य

शीतगृहांत बहुधा अमोनिया वापरतात. द्रवरूप अमोनिया शीतनळ्यांत उकळतो व खोलीतील उष्णता शोषून घेतो. त्याची वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबतो. ती तप्त वाफ कंडेन्सरमध्ये पाण्यास उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते. विहिरीतील पाणी जितके खोल गेलेले व टाकी जितकी उंच, तितके पंपास श्रम अधिक आणि पाणी मात्र कमी मिळते. येथेही शीतनळ्या व कंडेन्सर यांच्या तापमानांतील अंतर जितके वाढेल, तितकी वीज अधिक लागते व थंडावा कमी मिळतो.

कंडेन्सरची बाजू

अमोनिया ३० अंशांवर द्रवरूप होत असेल तर दाबमापकावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११ किलोग्रॅम दाब दिसतो; ४० अंशांवर तोच सुमारे १५ होतो. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत कंडेन्सरचे पाणी बाष्पीभवनाने चांगले थंड होते. परंतु त्याच काळात विहिरी आटतात. थोडे पाणी पुन्हा पुन्हा फिरविल्याने त्यातील क्षार वाढतात, नळ्यांवर पुटे चढतात व दाब वाढतो. यंत्रात हवा शिरली तरीही दाब वाढतो. म्हणून हंगामापूर्वी नळ्या स्वच्छ करणे व पुरेशा पाण्याची तरतूद करणे अगत्याचे आहे.

शीतनळ्यांची बाजू

शीतनळ्यांवर हिमाचा थर साचला किंवा आत तेल जमले, तर उष्णता आत शिरण्यास अडथळा होतो व अमोनियाचे तापमान खाली उतरते. ते उणे ५ अंशांवरून उणे १५ अंशांवर आल्यास वाफ विरळ होते, व कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ एक-तृतीयांश अमोनिया कमी ओढला जातो. यंत्र अहोरात्र चालते, परंतु खोली थंड होत नाही. दार वारंवार उघडल्याने दमट हवा आत येते व हिम लवकर साचते.

शेतकऱ्याचा वाटा

३० अंशांचा बटाटा ४ अंशांवर आणावयाचा तर २६ अंश उतरवावे लागतात. तोच रात्रभर सावलीत, मोकळ्या हवेत ठेवून पहाटे २२ अंशांवर असताना नेला, तर १८ अंशच उतरवावे लागतात. म्हणजे हे काम सुमारे तीन-दशांशाने हलके होते. याउलट सर्वांनी एकाच दिवशी, भर दुपारी माल नेल्यास यंत्र मागे पडते. उबदार खोलीत बटाट्याचे श्वसन वाढते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते, आणि हवा कोंडल्यास बटाट्याचा मध्यभाग काळा पडतो. असे बियाणे बाहेरून चांगले दिसले तरी शेतात दगा देते.

ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी घडवून आणाव्यात:

१. गावातील शेतकऱ्यांनी माल नेण्याचे दिवस आपसांत वाटून घ्यावेत.

२. ओला, कापलेला व सडका बटाटा निवडून काढावा. पोत्यांच्या थप्प्यांत हवा खेळण्यास जागा ठेवण्याचा आग्रह धरावा.

३. शीतगृहाच्या नोंदवहीत खोलीचे तापमान व यंत्राचे दोन्ही दाब रोज लिहिले जातात की नाही, हे पाहावे. तापमान व कंडेन्सरचा दाब दिवसेंदिवस चढत असल्यास चालकास त्वरित विचारावे.

४. अमोनिया विषारी आहे. उग्र वास येताच ओले फडके नाकातोंडाशी धरून, वारा ज्या बाजूने येत असेल त्या बाजूस बाहेर पडावे. दुरुस्ती प्रशिक्षित माणसावरच सोपवावी.

यंत्राची निगा मालकाकडे असली, तरी त्यावर किती भार पडावा हे माल नेणाऱ्यांच्याही हाती असते. तो बेताने टाकल्यास पेरणीच्या वेळी बियाणे निरोगी मिळेल.