घरांतील मनी प्लँट व त्याचें पाणी

गतवर्षीं आम्ही वर्गाच्या खिडकीपाशीं मनी प्लँटची एक कुंडी ठेविली होती. मुलांची तिजवर इतकी माया जडली कीं, जो तो आपल्या बाटलींतील उरलेलें पाणी तींत ओतूं लागला. श्रावणांत पानें पिवळीं पडून गळूं लागलीं. तेव्हां 'तहान लागली असेल' म्हणून मुलांनीं अधिकच पाणी घातलें. शेवटीं कुंडी उपडी करून पाहतों तों मुळें काळीं, मऊ व दुर्गंधियुक्त. रोप तहानेनें नव्हे, बुडून मेलें होतें!

मुळांनाही श्वसनास हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे ती हवा नाहींशी होते, आणि गुदमरलेल्या मुळांस कुजविणारी बुरशी ग्रासते. उरणसारख्या समुद्रकांठच्या गांवीं पावसाळ्याची हवाच इतकी दमट कीं, घरांतील कुंडी वाळण्यास फार दिवस लागतात. म्हणून बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें. कोरडें लागलें तरच पाणी द्यावें. कुंडीस तळाशीं भोंक हवेंच. विहिरीचें पाणी मचूळ असेल तर मातीवर पांढरा क्षार धरतो व पानांच्या कडा करपतात. अशा घरीं झांकून साठविलेलें पावसाचें पाणी बरें.

हा वेल मूळचा दक्षिण प्रशांत महासागरांतील मोओरेआ बेटाचा, आणि आपल्या अळूच्याच कुळांतला. नारळीच्या बुंध्यावर चढलेला पाहावा : पानें सुपाएवढीं व फाटलेलीं! अंधाऱ्या कोपऱ्यांत तोच किरटा होतो व पानांवरील सोनेरी छटा मावळते. त्यास फूल सहसा येत नाहीं. फुलण्यास लागणारें जिबरेलिन हें संप्रेरक त्याच्यांत पुरेसें तयार होत नाहीं, असें 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. म्हणून घरोघरचे वेल कांडीपासूनच वाढविलेले. कांडीवर निदान एक गांठ असावी, कारण नवा अंकुर तेथूनच फुटतो. चोरून आणलेली कांडी धन देते अशी समजूत आहे. कांडीला चोरी कळत नाहीं, शेजाऱ्यास मात्र कळते. मागून आणावी.

पालकांस दोन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. पुष्कळ घरीं हा वेल बाटलींतील पाण्यांत ठेवितात. डेंग्यू पसरविणारा एडीस डास अशाच स्वच्छ, सांचलेल्या पाण्याच्या कडेस अंडीं घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. आठवड्यास एकदां पाणी ओतून द्यावें व बाटली आंतून घांसून धुवावी. नुसतें पाणी बदलल्यानें कांचेस चिकटलेलीं अंडीं जात नाहींत. दुसरें असें कीं, अळू ज्यामुळें खाजतो, ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक ह्याही पानांत असतात. रांगत्या मुलानें पान चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. तोंड पुसून धुवावें व डॉक्टरांस दाखवावें. कुंडी मुळांतच उंचावर टांगावी.

मेलेल्या त्या रोपाची एक हिरवी कांडी वांचली होती. ती यंदा त्याच खिडकींत आहे. पाण्याचें काम आम्ही एकाच विद्यार्थ्याकडे दिलें आहे. तो रोज मातींत बोट घालतो, आणि बहुधा 'आज नको' असेंच सांगतो.