कुरणाचा विसावा

पाठाचा हेतू : गवत केव्हा चारावे व केव्हा राखावे, हे समजून घेणे.

पहिल्या पावसाने माळ हिरवा दिसू लागला की उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेली जनावरे आपण लागलीच त्यावर सोडतो. त्यांची भूक पाहवत नाही, हे खरे. परंतु कुरणाची सर्वांत मोठी हानी याच दिवसांत होते. ती कशी, हे आपण क्रमाने पाहू.

१. अंकुर कशावर जगतो? मारवेल, शेडा यांसारखी बहुवर्षायु गवते मागील हंगामाचा साठा बुडख्यात व मुळांत राखून ठेवितात. नवे फुटवे प्रथम त्या साठ्यावरच वाढतात; पाने पसरली म्हणजे तो पुन्हा भरतो. पाने पसरण्यापूर्वीच ती वारंवार खुडली गेली, तर साठा संपतो व मुळे आखूड राहतात. मग पावसाने ओढ दिली की थोंब वाळतो, आणि त्याची जागा कुसळी घेते. तिचे बी पिकले की कुसळे जनावराच्या तोंडात व मेंढीच्या लोकरीत रुततात. अमेरिकेत क्रायडर या शास्त्रज्ञांनी १९५५ साली असे दाखविले की, निम्म्यापर्यंत पाला काढिला तर मुळांच्या वाढीस फारशी बाधा येत नाही. त्याहून बराच अधिक काढिला, तर ती कित्येक दिवस थांबते. यास्तव गवत वीतभर झाल्यावर चराई आरंभावी, व निम्मे उभे असताच कळप हलवावा.

२. विसावा किती द्यावा? भर पावसात सुमारे एक महिना पुरतो. पाऊस सरल्यावर वाढ मंदावते, म्हणून तेव्हा महिना पुरत नाही. दिवस मोजावे, पण त्याहून पाने पाहावी. मात्र अति विसावाही हिताचा नव्हे. उष्ण प्रदेशातील गवत लवकर जून होते, काडी कठीण होते व तिचे पोषण घटते. वाळवून ठेवावयाचे गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापावे.

३. वाटणी कशी करावी? गायरानाचे चार भाग पाडावे. एक भाग बी पडेपर्यंत बंद ठेवावा, व दर वर्षी हा मान दुसऱ्या भागास द्यावा. उरलेल्या तिहींत पाळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस चारिले, तर प्रत्येकास तीस दिवसांचा विसावा मिळतो. अधिक भाग पाडता आले तर उत्तमच. मुक्काम आखूड होतो व कोवळ्या फुटव्यास दुसऱ्यांदा तोंड लागत नाही.

४. भार कोणावर पडेल? ज्याच्या बांधावर गवत आहे त्यास गायरान बंद झाले तरी चालते. दोन शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन विधवेस चालत नाही. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर बांधवही पावसाळ्यात, म्हणजे गवत वाढण्याच्या दिवसांतच, पठारावर परततात. म्हणून सर्व माळ एकदम बंद करण्यापेक्षा पाळी बरी. आणि ती ठरविताना या लोकांस बैठकीत बसवावे, व राखलेल्या भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांस द्यावा. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने मोकाट चराई बंद करून गवत कापून नेण्याची रीत पाडली. नियम सर्वांनी मिळून पाळला तरच कुरण राहते. एकाच्या रात्रीच्या चोरट्या चराईने दहांचा संयम वाया जातो.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गायरानात मारवेल अधिक की कुसळी?
२. यंदा कोणता भाग राखता येईल?
३. तो राखल्याने कोणाच्या घरी चारा कमी पडेल, व तो आपण कोठून द्याल?