सांध्यावर गाडी का अडते?

मुलांनो, आजीचे दुखतात ते सांधे वेगळे. आगगाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळते, त्या जागेलाही मराठीत सांधा म्हणतात. तो बदलणारा तो सांधेवाला.

खेळातल्या साध्या १२ व्होल्टच्या गाडीत एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि मोटर दोघांच्या मध्ये. सांध्यात मात्र डावा आणि उजवा रूळ एका टोकाशी मिळतात. त्या टोकाला 'फ्रॉग' म्हणजे चक्क बेडूक म्हणतात! मोटरला वगळून धन-ऋण भेटले की झाले शॉर्ट सर्किट.

बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, ट्रान्सफॉर्मर तापतो. प्लग काढा, सगळी गाडी उचला, मग पुन्हा वीज द्या. अजूनही शॉर्ट? मग दोष रुळांत. बऱ्याच सांध्यांत धातूच्या फ्रॉगला सरकत्या पात्यांतून वीज मिळते. सांधा बदलला की फ्रॉग धनाचा ऋण होतो. पलीकडून दुसरी तार त्याच रुळाला वीज देत असेल, तर दोघांची टक्कर होणारच. म्हणून फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जोड लावा आणि वीज पात्यांच्या बाजूने द्या. बहुतेक घरी हे जोडच राहून गेलेले असतात.

गाडी ठेवल्यावरच शॉर्ट होत असेल, तर एकेक डबा ढकलून पाहा. एखाद्या चाकाची पाठ उघड्या पात्याला घासत असेल. एच.ओ. गाडीत रुळांमध्ये १६.५ मि.मी. अंतर असते, चाकांच्या पाठींमध्ये सुमारे १४.५. पट्टीने मोजा, कमी भरले तर बाबांकडून चाके हलकेच बाहेर सरकवून घ्या.