कोंबडीचें घरटें

शहरांतील मुलांस अंडें ही दुकानांत मिळणारी वस्तु म्हणूनच ठाऊक असते. परंतु खेड्यांतून शाळेंत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या परसांत आजहि पांच-सात कोंबड्या असतात, व अंड्यांच्या पैशांतून वह्या-पुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या आयाहि मीं पाहिल्या आहेत. रोजच्या अंगवळणीं पडलेल्या या कामांत शिकण्यासारखें कांहीं असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. मलाहि वाटत नव्हतें. माझें मत ज्या गोष्टीनें बदललें ती प्रथम सांगतों.

मी शाळेंत असतांना आमच्या घरीं सहा कोंबड्या होत्या. त्यांचीं अंडीं विकून आई माझी परीक्षेची फी भरणार होती. पावसाळा संपला आणि अंडीं एकाएकीं कमी झालीं. पुढें तर टोपली रिकामीच राहूं लागली. शेजारचा एक मुलगा आमच्या परसांतून नेहमीं जात-येत असे. अंडीं तोच नेतो, असें मीं चारचौघांत बोललों. त्याच्या आईनें त्याला माझ्यादेखत मारलें. नंतर चार दिवसांनीं घाणेरीचें जाळें तोडतांना वडिलांस पालापाचोळ्यांत एकोणीस अंडीं सांपडलीं. बहुतेक सडलेलीं होतीं. मी त्याच्या घरीं जाऊन चूक कबूल केली, परंतु तो पुष्कळ दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. फी उसनवारीनें भरावी लागली, ती गोष्ट निराळीच.

यांत कोंबडीचा अपराध नव्हता. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबडीपासून झालेली आहे. (आपल्या सह्याद्रींत आढळते ती राखी रानकोंबडी; कित्येक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग तिच्याकडून आला, असें संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें.) रानकोंबडी झुडुपाखालीं, आडोशाला, जमिनींत उथळ खळगा उकरून अंडीं घालते. शत्रूच्या नजरेस न पडणें हेंच तिचें रक्षण. हजारों वर्षें माणसाजवळ राहूनहि पाळीव कोंबडीची ही खोड गेलेली नाहीं. आम्हीं तिच्यासाठीं ठेविली होती एक उघडी टोपली, आणि तीहि दाराशीं, जेथें कुत्रा निजत असे! तिनें घाणेरीचें जाळें पसंत केलें यांत नवल काय?

चांगलें घरटें करण्यास पैसा लागत नाहीं. सुमारें एक फूट लांब, एक फूट रुंद व तितकीच किंवा थोडी अधिक उंच अशी जागा एका कोंबडीस पुरते. रिकामी लाकडी पेटी आडवी ठेवून तिच्या तोंडाशीं चार बोटें उंचीची पट्टी ठोकली कीं घरटें तयार. पट्टीमुळें पेंढा व अंडीं बाहेर घरंगळत नाहींत. आंत कोरडा पेंढा अथवा भाताचें तूस घालावें व तें ओलें झालें कीं बदलावें. पेटी अंधाऱ्या, शांत कोपऱ्यांत असावी. चार-पांच कोंबड्यांस एक घरटें पुरतें. अधिक केलीं तरी बहुधा एकाच आवडत्या घरट्यापुढें त्या रांग लावून भांडतांना दिसतील!

आमच्या वडिलांनीं पेट्या केल्या खऱ्या, पण मांजराच्या भयानें त्या छपराजवळ, कोंबड्यांच्या बसण्याच्या दांड्याहूनहि उंच टांगल्या. कोंबडी निजावयास खुराड्यांतील सर्वांत उंच जागा शोधते, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. आठ दिवसांत सर्व पेट्या विष्ठेनें भरल्या आणि अंडीं पुन्हां कुंपणांत! मग पेट्या खालीं आणल्या, दांडा वर चढविला, आणि प्रत्येक पेटींत अंड्याच्या आकाराचा एक गुळगुळीत पांढरा दगड ठेविला. जेथें अंडें दिसतें ती जागा सुरक्षित असें कोंबडी समजते. शिवाय आठवडाभर कोंबड्या सकाळीं दहा वाजेपर्यंत कोंडूनच ठेविल्या, कारण बहुतेक कोंबड्या सकाळींच अंडें घालतात. नव्यानें अंड्यावर येणाऱ्या तलंगेस तर ही संवय पहिल्यापासूनच लावावी.

एक अंडें तयार होण्यास कोंबडीच्या पोटांत २४ ते २६ तास लागतात. त्यांतील सुमारें २० तास नुसतें कवच चढण्यांत जातात. म्हणून प्रत्येक अंडें आदल्या दिवसाहून थोडें उशिरां येतें, व अखेर एक दिवस खाडा पडतो. कवच बहुतेक चुन्याचेंच असतें. तो चुना अन्नांतून पुरेसा मिळाला नाहीं तर कवच पातळ होतें, अंडें घरट्यांतच फुटतें आणि त्याची चव कळली कीं कोंबडी स्वतःचीं अंडीं फोडून खाऊं लागते. ही खोड एकदां लागली कीं सुटणें कठीण. यास्तव शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यांत ठेवावा व अंडीं दिवसांतून दोन वेळां उचलावीं. तीं धुऊं नयेत; कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक आवरण असतें व तें जंतूंस आंत शिरूं देत नाहीं. घाण लागलीच असेल तर कोरड्या फडक्यानें पुसावी.

कोंबडी खुडूक होऊन घरट्यांतून हलेनाशी झाली कीं अंडीं उबवावयाचीं कीं नाहींत तें लगेच ठरवावें. उबवावयाचीं असल्यास कोंबड्याच्या सहवासांतील कोंबड्यांचींच अंडीं घ्यावीं. कोंबड्यावांचूनहि कोंबडी अंडीं घालते, पण त्यांतून पिलूं निघत नाहीं. सातव्या दिवशीं अंधारांत अंडें दिव्यासमोर धरलें तर आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्ताच्या शिरा दिसतात. मुलांनीं हें एकदां तरी पाहावें. पिलें २१ व्या दिवसाच्या सुमारास बाहेर येतात.

रोगांविषयीं पालकांस विनंति आहे. मानमोडी किंवा राणीखेत या रोगावर औषध नाहीं, लस मात्र आहे. ती पिलांस पहिल्या आठवड्यांतच द्यावी लागते व पुढें पुन्हां टोंचावी लागते. पाळीस रोग लागला कीं उरलेल्या कोंबड्या घाईनें बाजारांत विकण्याची आपली रीत फार वाईट आहे. तिच्यामुळेंच रोग गांवोगांव जातो. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला, तेव्हां मोठ्या कारखान्यांबरोबर गोरगरिबांच्या परसांतील कोंबड्याहि माराव्या लागल्या. अनेक कोंबड्या एकदम मेल्या तर त्यांस उघड्या हातानें न शिवतां पशुवैद्यकीय दवाखान्यांत तत्काळ कळवावें.

आणि एक. दिवस लहान होऊं लागले कीं कोंबडीचीं पिसें गळतात व ती अंडीं घालणें थांबविते. ती म्हातारी झाली, आळशी झाली, असें समजून त्याच वेळीं तिला कापण्याची घाई पुष्कळ घरीं होते. तिला नवीं पिसें येऊं द्यावीं, दाण्याबरोबर थोडी डाळीची चुणी घालावी आणि दोन-तीन महिने वाट पाहावी. तोंवर तिची पेटी काढून टाकूं नये.