बत्तीस खेळाडू, चार टीव्ही

पुणे, बुधवार

चि. सोहम यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. ‘१० ते १ पहिली फेरी, २ ते ४ दुसरी फेरी, ५ वाजता फायनल.’ अक्षर सुरेख आहे, पण याला वेळापत्रक म्हणायचं तर निमंत्रणपत्रिकेलाही म्हणावं लागेल. टेकन ८ ची स्पर्धा, बत्तीस जण, चार पीएस ५, आणि हॉल ६ वाजता रिकामा करून द्यायचा. एवढं ठरलेलं असताना गणित मांडायला अर्धा तास पुरतो. ते तू केलेलं दिसत नाही, म्हणून लिहायला बसलो.

डबल एलिमिनेशन घेतोयस ते उत्तम. मालेगावहून एसटीत बसून आलेला पोरगा दहा मिनिटांत हरून परत निघाला, तर पुढच्या वर्षी तो कशाला येईल? मात्र दोनदा हरेपर्यंत खेळू द्यायचं तर लढती दुप्पट होतात. साध्या बाद पद्धतीत ३२ जणांच्या ३१ लढती, डबलमध्ये ६२. फायनलला हरलेल्यांच्या बाजूने वर आलेला जिंकला तर ६३, कारण समोरचा तोवर एकदाही हरलेला नसतो आणि त्यालाही दुसरी संधी द्यावी लागते. ही त्रेसष्टावी होणारच असं धरून चाल.

आता एका लढतीचा वेळ. राउंड ६० सेकंदांचा, तीन राउंड जिंकले की गेम, दोन गेम जिंकले की लढत. म्हणजे फार तर पंधरा राउंड, पंधरा मिनिटं. एरवी सहा-सात मिनिटांत निकाल लागतो. बाकीचा वेळ खातं ते बसणं-उठणं, बटणं लावून घेणं, ‘दादा, एक मिनिट, पाणी पिऊन आलो.’ सगळं मिळून १२ मिनिटं धर. चारही टीव्हींवर एकेक लढत झाली की एक पाळी संपली असं मान.

पहिल्या फेरीच्या १६ लढती म्हणजे चार पाळ्या. मग जिंकलेल्यांच्या ८ आणि हरलेल्यांच्या ८, पुन्हा चार. त्यापुढे ४ आणि ८ अशा बारा, तीन पाळ्या. नंतर हरलेल्यांच्या बाजूला लागोपाठ चार-चार, दोन पाळ्या. झाल्या तेरा पाळ्या, ५२ लढती, १५६ मिनिटं. साडेदहाला सुरू केलंस तर कागदावर १ वाजून ६ मिनिटांनी शेवटचे आठ जण उरतात. आपल्याकडे कागदावरचा वेळ आणि हॉलमधला वेळ यांची फारशी ओळख नसते, तेव्हा पाऊण तास जास्त धर आणि जेवणाची सुट्टी पावणेदोनला लाव.

यापुढचा भाग नीट समजून घे, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. उरल्या फक्त दहा लढती. त्या तीनऐवजी पाच गेमच्या करतात, म्हणजे प्रत्येकीला वीसेक मिनिटं. आणि त्या एकदम लावता येत नाहीत, कारण हरलेल्यांच्या बाजूला एका लढतीचा निकाल लागल्याशिवाय पुढचीला माणूसच मिळत नाही. आधी चार लढती एका वेळी, मग तीन, मग एक, एक आणि फायनल. पाच पाळ्या, १०० मिनिटं, आणि ती जादाची लढत धरून दोन तास. शेवटच्या तीन पाळ्यांना तुझे तीन टीव्ही नुसते उभे राहणार. म्हणून मित्राच्या ओळखीने आणखी चार कन्सोल भाड्याने आणायचा विचार सोडून दे. आठ झाले तरी सकाळच्या तेरा पाळ्यांच्या आठ होतील, तासभर वाचेल, पण दुपारचे दोन तास तसेच राहतील. त्या पैशांत जेवण दे.

तुझ्या मेसेजमधली दुसरी कल्पना तर अजिबात नको. शेवटच्या आठ जणांच्या सगळ्या लढती एकाच मोठ्या पडद्यावर, एकापाठोपाठ? दहा गुणिले वीस, झाली २०० मिनिटं. अडीचला बसलेले लोक सहा वाजत आले तरी फायनलच बघत असतील, आणि तोवर हॉलचा वॉचमन पंखे बंद करायला येईल. पडद्यावर शेवटच्या तीन लढती घे. बाकीच्या टीव्हीवरच होऊ देत, ज्याला बघायच्या तो पाठीमागे उभा राहून बघेल. टेकन असंच बघण्यात मजा आहे, असं माझं मत.

ईएचा फुटबॉल गेमही त्याच दिवशी घ्यावा असं चिन्मय म्हणतोय. घेऊ नकोस. त्यात बरोबरी झाली की जादा वेळ, मग पेनल्टी, आणि तेच चार-पाच जण दोन्हीकडे नाव देणार. एकाचा पुकारा झाला की तो दुसरीकडे खेळत असणार.

लास व्हेगासच्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत २०२३ साली स्ट्रीट फायटर ६ ला सात हजारांहून अधिक लोक उतरले होते. तिथेही प्रत्येकाला आपला गट आणि त्याची वेळ आधी कळलेली असते, दिवसभर ताटकळावं लागत नाही. तूही अर्ध्या जणांना साडेदहाची आणि अर्ध्यांना सव्वाअकराची वेळ दे. हजेरी मात्र पहिल्या गटाची सव्वादहाला आणि दुसऱ्याची अकराला बंद. रात्री लॉट पाडून ठेवशील, पण अंतिम म्हणून ग्रुपवर टाकू नकोस. सकाळी चार-पाच जण गळतात आणि त्यांच्या जागी बाय द्यावे लागतात. एकाच गाडीतून आलेल्या दोघांची गाठ पहिल्या फेरीत पडणार नाही एवढं बघ. पुकारा केल्यापासून पाच मिनिटांत आला नाही तर एक गेम गेला, दहा मिनिटांनी वॉकओव्हर. चिन्मयलाही हाच नियम, आणि तो तसा त्याला आदल्या दिवशीच सांग.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट तुझ्या यादीतच नाही: कंट्रोलर. हरलेला पोरगा आपला कंट्रोलर घेऊन मागे जाऊन बसतो. थोड्या वेळाने सरावासाठी पीएसचं बटण दाबतो. तो अजून जुन्याच कन्सोलशी जोडलेला असतो, आणि तिथे रंगात आलेल्या लढतीत पडद्यावर मेनू उघडतो. मग ‘परत खेळवा’, ‘नाही खेळवणार’, आणि वीस मिनिटं भांडण. सगळ्यांना वायरनेच खेळू दे. नुसती वायर खोचून भागत नाही, सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलरचा संपर्क यूएसबीवर ठेवावा लागतो. हे शनिवारी संध्याकाळी चारही कन्सोलवर स्वतः करून बघ, आणि चारही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नकोस.

तू स्वतः खेळू नकोस. वाईट वाटेल, कळतं मला. पण पाळी संपल्या संपल्या पुढच्या आठ जणांची नावं पुकारायला कोणीतरी मोकळं लागतं, आणि रेवाला एकटीला निकाल लिहून पुकाराही करायला लावणं बरं नाही. मालेगावची शेवटची गाडी कितीची ते स्टँडवर विचारून ठेव. बक्षिसं पाचला ठेव, भाषण कोणाचंही नको.

माझ्याकडे तीन मीटरच्या सहा वायरी आहेत, त्या घेऊन शनिवारी रात्री येतो. ताईला सांग, पोचायला अकरा वाजतील, जेवायला थांबू नका.

तुझा,
मामा