चाकोरीबाहेर जाण्यापूर्वी

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एखादी थार येऊन उभी राहिली की तिच्याभोवती कशी गर्दी जमते, हे आपण सगळेच पाहतो. कुणी टायरची रुंदी बघतो, कुणी बॉनेट उघडायला लावतो. पण "गिअरशेजारचा तो दुसरा लिव्हर कधी टाकायचा आणि कधी टाकायचा नाही?" असं विचारलं, की आपले मेकॅनिकलवालेसुद्धा इकडेतिकडे बघायला लागतात.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर वाढलो. घरी महिंद्राची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आहे. माळावर, कॅनॉलच्या कडेने ती हिंडवण्यात मजा तर आहेच, पण पावसाळ्यात तीच आमची दूधगाडी आणि वेळ पडली तर ॲम्ब्युलन्स. म्हणून गाडी चिखलात घालण्याइतकंच ती परत आणण्याचं शास्त्र आम्हाला शिकावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्याच विलीज जीपची जुळणी महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू केली. २०१० ची थार आणि २०२० ची नवी थार याच घराण्यातल्या.

१) आधी माती ओळखा

आपल्याकडे दोन प्रकारची जमीन आहे. सुपे-मोरगावकडच्या जिरायती भागात मुरमाड माळ, तिथे पाऊस पडला तरी चाक बसत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात मात्र काळी माती. ती बेसॉल्ट झिजून तयार झालेली, आणि तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात लोणी. टायरच्या खाचा तिने भरल्या की टायर गुळगुळीत झालाच म्हणून समजा.

तिसरी आणि सगळ्यात फसवी जमीन उजनीच्या फुगवट्याची. पाणी ओसरलं की वरचा गाळ वाळून टणक दिसतो, खाली मात्र ओलाच असतो. तिथे आधी पायी जायचं आणि पहार खुपसून बघायची. सहज आत गेली तर गाडी बाहेरच ठेवायची.

२) थोडं गणित

गाडीचं वजन १६०० किलो धरू, म्हणजे प्रत्येक चाकावर ४००. ओल्या काळ्या मातीत पकडीचा गुणांक ०.२ धरला तर एक चाक जास्तीत जास्त ८० किलोचा रेटा देईल. चिखलाचा विरोध वजनाच्या १५ टक्के धरला, तर गाडी हलायला २४० किलो हवेत. दोन चाकांचा रेटा १६०, गाडी अडकली. चार चाकांचा ३२०, गाडी निघाली. पण शिल्लक राहिले फक्त ८०! १०० मीटरला ५ मीटर एवढा साधा चढ आला तरी तेही संपले.

लो गिअर टाकल्यावर चाकाला साधारण दोन ते अडीच पट टॉर्क मिळतो, पण वरचा ०.२ तसाच राहतो. जास्त टॉर्कने चाक फक्त जोरात फिरतं आणि स्वतःचा खड्डा खणतं. म्हणून गाडी पुढे सरकायची थांबली की ॲक्सिलरेटर सोडायचा. चाकापुढची माती फावड्याने काढायची, खाली उसाचं पाचट किंवा मुरूम टाकायचा. टायरची हवा ३० वरून १८-२० पीएसआयवर आणली तर टायर जमिनीला जास्त लांबीवर टेकतो. त्याहून कमी केली तर तो रिमवरून उतरू शकतो. पुन्हा डांबरीवर येण्याआधी हवा भरायची, म्हणजे पंप जवळ हवाच.

आणखी एक: चार चाकं ओढतात म्हणून ब्रेक काही जास्त चांगले लागत नाहीत. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच.

३) डांबरी रस्त्यावर का नाही?

आपल्याकडच्या बहुतेक जीपना मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट सारखेच फिरतात. आता वळण घ्या. मागची चाकं ५ मीटर त्रिज्येवर गेली आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २.४ मीटर असलं, तर पुढची चाकं सुमारे ५.५५ मीटर त्रिज्येवर जातात. पाव वर्तुळात पुढच्या चाकांना ८५ सेंटीमीटरच्या आसपास जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर घसरून हा हिशोब भागवतो. डांबरावर तो घसरत नाही, मग शाफ्ट आणि गिअर पिळले जातात. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर निघत नाही. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यायची, ताण सुटला की लिव्हर सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, तेही याच कारणाने.

४) पाणी

ऑक्टोबर २०२० मध्ये इंदापूर तालुक्यात अतिवृष्टी झाली. त्या दिवसांत शेजारच्या वस्तीवरच्या वहिनींना रात्री कळा सुरू झाल्या. चुलते जीप घेऊन निघाले, मी मागे बॅटरी धरून. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "आबा, तुमची तर फोर-व्हील हाय, घाला की!" आबांनी गाडी थांबवली, पाण्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "फरशी दिसत न्हाई, मावशी. जाणार न्हाई." मागे फिरून उंचावरच्या मुरमाच्या रस्त्याने मोठा वळसा घातला. पाऊण तास जास्त लागला. पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आबा सातवी शिकलेले, पण त्यांचा निर्णय आर्किमिडीजच्या नियमात बसतो. जीपचा तळ साधारण ५ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सेंटीमीटर चढलं की, ते आत शिरेपर्यंत, ५०० किलो वजन उचललं जातं. ३० सेंटीमीटरला १५०० किलो. १६०० किलोच्या गाडीच्या चाकांवर मग उरलं काय? आणि ज्याच्यावर वजनच नाही ते चाक पकड कुठून आणणार?

संथ, उथळ पाण्यातही इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

५) घरी आल्यावर

खरं काम इथे सुरू होतं. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे:

• खालून धुणे. रिमच्या आत वाळलेली काळी माती चाकाचा तोल बिघडवते, मग स्टिअरिंग थरथरतं.
• सायलेन्सरजवळचं गवत, पाचट काढणे. ते पेटू शकतं. रेडिएटरच्या जाळीतली कुसळंही काढायची.
• प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.
• पाण्यातून आलो असू तर दोन्ही ॲक्सल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघणे. तापलेला ॲक्सल पाण्यात एकदम गार झाला की आतली हवा आकसते. ब्रीदर तुंबलेला असला तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधासारखं दिसलं की बदलायचंच.
• एअर फिल्टर. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फुफाटा किती, हे सांगायला नको.
• महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून थोडं चालवणे, म्हणजे पुढच्या ॲक्सलमध्ये ऑइल फिरतं.

दोरी लावून गाडी ओढताना ती चॅसिसच्या हुकालाच बांधा, बंपरला नाही. दोरीवर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोरीच्या दुप्पट लांब उभं करा. तुटलेली दोरी माणूस मारते.

शेवटी एक विनंती. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, कडबनवाडीचा माळ, भिगवणचा पाणथळ काठ या जागा मोकळ्या दिसतात, पण रिकाम्या नाहीत. चिंकारा तिथेच चरतात, टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. तिथे चाकोरी सोडायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी जीप ग्रीसिंगसाठी बारामतीला आणणार आहे. कुणाला ग्रीस गन स्वतः चालवून बघायची असेल तर या. फक्त जुने कपडे घालून या.