युद्धकाळातील तार : बातमी दारापर्यंत कशी पोहोचायची?



दहावीच्या इतिहासात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा पाठ शिकवताना आपण वर्तमानपत्र, आकाशवाणी, दूरदर्शन यांवर भरपूर बोलतो. तार मात्र एका वाक्यात उरकते. मुलांना तार म्हणजे 'जुन्या काळचा एसएमएस' एवढंच माहीत असतं. त्यांचाही दोष नाही. आपल्या देशात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, म्हणजे आजच्या दहावीतल्या मुलांनी तार पाहिलेलीच नाही.

पण घरातल्या आजी-आजोबांना विचारा. 'तार आली' एवढे दोन शब्द ऐकले की घरात रडारड सुरू व्हायची. आत काय लिहिलंय ते नंतर कोणीतरी इंग्रजी जाणणारा वाचून दाखवायचा. कागदाच्या एका तुकड्याची एवढी भीती का? याचं उत्तर युद्धकाळातल्या तारांमध्ये फार स्पष्ट दिसतं. म्हणून आजचा पाठ त्यावर. उदाहरणं मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतली आहेत, कारण तिथे ही पद्धत कशी चालत होती याची तपशीलवार नोंद आहे.

वाचताना तीन प्रश्न मनात ठेवा, मुलांनाही हेच द्या :
१) कोण कोणाला सांगतंय?
२) किती शब्दांत सांगण्याची मुभा आहे?
३) शेवटच्या दारापर्यंत ती बातमी कोण घेऊन जातंय?

तार नेमकी चालायची कशी?

सुरुवातीला मोर्सच्या सांकेतिक लिपीत, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'कडकट्ट' म्हणत त्या आवाजात, संदेश जायचा. पलीकडचा तारमास्तर तो ऐकून अक्षरं लिहायचा. पुढे टेलिप्रिंटर आले. यंत्रातून छापील अक्षरांची कागदी पट्टी बाहेर यायची, ती कापून छापील फॉर्मवर चिकटवायची, की झाली तार तयार. पैसे शब्दांवर, म्हणून भाषा काटकसरीची.

युद्धात तारेचा मोठा वापर क्रिमियाच्या युद्धापासून सुरू झाला. १८५५ मध्ये काळ्या समुद्राखालून वार्ना ते बालाक्लावा अशी केबल टाकली गेली. त्याआधी रणांगणावरची खबर लंडन-पॅरिसला पोहोचायला कित्येक दिवस लागत. आता राजधानीत बसलेले मंत्री आणि सम्राट थेट छावणीत हुकूम धाडू लागले. सेनापतींना ते फारसं आवडलं नाही, हे वेगळं सांगायला नको!

सरकारी तारा सांकेतिक भाषेत जात आणि हव्या तेवढ्या लांब असत. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची जानेवारी १९१७ मधली तार प्रसिद्धच आहे. अमेरिका युद्धात उतरली तर मेक्सिकोने जर्मनीच्या बाजूने यावं, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि अॅरिझोना परत मिळवून देऊ, असा तो प्रस्ताव होता. ब्रिटिशांनी ती तार मध्येच पकडली, उलगडली आणि अमेरिकेच्या हाती दिली. मार्चमध्ये ती वर्तमानपत्रांत छापून आली आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. ही तार हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण मोठं कारण होतं.

ही गोष्ट पुस्तकांत सापडते. आपल्याला आज त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाकडे, सैनिकाच्या घराकडे जायचं आहे.

बेडफोर्ड गावची गोष्ट

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात बेडफोर्ड नावाचं छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लोकवस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. इथली तरुण मुलं एकाच तुकडीत होती : ११६ व्या पायदळ रेजिमेंटची 'ए' कंपनी. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. ओमाहा नावाच्या किनाऱ्यावरच्या पहिल्या लाटेत ही कंपनी होती. बेडफोर्डचे १९ तरुण त्या एका दिवसात गेले.

आता मुलांना विचारा, ही बातमी गावात कधी पोहोचली असेल? तार तर काही मिनिटांत समुद्र ओलांडत होती. मुलं म्हणतील, त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी.

बातमी पोहोचली १७ जुलैला. म्हणजे ४१ दिवसांनी.

फौजा उतरल्या हे गावाला ६ जूनलाच रेडिओवरून समजलं होतं. आपली पोरं त्यात असणार, हाही अंदाज होता. मग रोज पोस्टाची वाट. पत्रं येईनात. १७ जुलैला, सोमवारी सकाळी, गावातल्या औषधांच्या दुकानातल्या तारखिडकीवर एका तरुण ऑपरेटर मुलीने नेहमीप्रमाणे टेलिप्रिंटर सुरू केला आणि जवळच्या रोअनोक शहराच्या कचेरीला नमस्कार कळवला. पलीकडून उत्तर आलं की मृतांच्या बातम्या आहेत. आणि पट्टी बाहेर येऊ लागली. एक तार झाली, दुसरी झाली, तरी यंत्र थांबेना.

मजकूर जवळजवळ सारखाच. बदलत होतं ते फक्त नाव. आपले पुत्र अमुक हे सहा जून रोजी फ्रान्समध्ये लढताना मृत्युमुखी पडले हे कळवताना युद्धमंत्र्यांना अत्यंत खेद होत आहे, पत्र मागाहून येत आहे. बस्स, एवढंच.

त्या मुलीसाठी ही नावं म्हणजे रोज रस्त्यात दिसणारी घरं होती. एवढ्या तारा एका वेळी पोहोचवायच्या कशा? शेवटी शेरीफ, टॅक्सीवाला अशा ओळखीच्या माणसांच्या हाती त्या घरोघर गेल्या.

एवढा उशीर का झाला? कारण तार वेगवान असली तरी बातमी माणसांनीच गोळा करायची होती. तुकडीत हजेरी घ्यायची, कोण मेलं, कोण जखमी, कोण सापडत नाही हे ठरवायचं, वरच्या कचेरीला कळवायचं, तिथून वॉशिंग्टनला, तिथे नाव-पत्ता पडताळायचा आणि मग तार. ज्या कंपनीतले हजेरी घेणारेच पडले, तिची यादी लवकर कशी होणार? आणि चुकीची तार गेली तर जिवंत मुलाच्या आईला रडवल्यासारखं. म्हणून पडताळणी आवश्यकच होती. त्या ४१ दिवसांत घरच्यांनी काय सोसलं असेल, याचा विचार मुलांना करू द्या. लगेच उत्तर मागू नका.

आज बेडफोर्डमध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय डी-डे स्मारक आहे. २००१ मध्ये त्याचं लोकार्पण झालं.

कोणाला तार, कोणाला फॉर्म?

आता थोडं मागे, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये जाऊ. तिथला नियम ऐकून मुलं हमखास चिडतात. अधिकारी मारला गेला तर त्याच्या घरी तार जायची. साधा शिपाई मारला गेला तर पोस्टाने एक छापील फॉर्म. त्या फॉर्मचा क्रमांक होता बी १०४-८२. त्यात रिकाम्या जागा असत : क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट. कारकून त्या हाताने भरायचा.

मुलं विचारतील, हा भेदभाव का? हुद्द्याचा फरक तर होताच. पण संख्येचाही विचार करा. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी सोमच्या लढाईत ब्रिटिश फौजेचे १९,२४० जण मारले गेले. छापील फॉर्म का लागले, ते या आकड्यावरून समजतं. समजलं म्हणून ते बरोबर होतं असं नाही. या मुद्द्यावर वर्गात छान वाद होतो, होऊ द्यावा.

कवी विल्फ्रेड ओवेन हा अधिकारी होता, त्यामुळे त्याच्या आईवडिलांना तार आली. तो ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला. तार श्रूजबरी गावी पोहोचली ११ नोव्हेंबरला. त्याच दिवशी युद्ध संपलं होतं आणि चर्चच्या घंटा वाजत होत्या. गाव आनंदात आणि एका घरात ही तार.

सर्वात अवघड शब्द : बेपत्ता

'मृत्यू' या शब्दानंतर माणूस निदान रडू तरी शकतो. 'बेपत्ता' या शब्दाचं काय करायचं?

'जंगल बुक' लिहिणारे रुडयार्ड किपलिंग आपल्या मुंबईत जन्मलेले. त्यांचा मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत होता. वय अवघं १८. घरी कळलं ते एवढंच की तो जखमी आणि बेपत्ता आहे. किपलिंग जगप्रसिद्ध, मोठमोठ्या लोकांत ऊठबस. पण त्या दोन शब्दांपुढे त्यांची प्रसिद्धी काही कामाला आली नाही. नवराबायको पुढे कित्येक वर्षं परत आलेल्या जवानांना भेटून विचारत राहिले, तुम्ही आमच्या मुलाला पाहिलंत का? १९३६ मध्ये किपलिंग गेले, तोवर मुलाची कबर सापडली नव्हती.

जवानाकडून घरी : तीन वाक्यांचा संदेश

तार नेहमीच वाईट बातमी आणायची असं नाही. दुसऱ्या महायुद्धात परदेशी लढणाऱ्या सैनिकांसाठी स्वस्त तारेची एक सोय होती. छापील यादीत शंभराहून अधिक तयार वाक्यं असायची, प्रत्येकाला क्रमांक. मी बरा आहे, पत्र मिळालं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पैसे पाठवा, अशा प्रकारची. सैनिकाने त्यातली तीन निवडायची. केबलवरून फक्त क्रमांक जात. पलीकडचा कारकून यादी बघून पूर्ण वाक्यं लिहायचा आणि तार घरी.

यात दोन फायदे होते. पैसे आणि वेळ वाचायचा. शिवाय ठिकाण, तुकडी, हालचाल असं काही चुकूनही बाहेर जायचं नाही. पण मनातलं सगळं कोणीतरी आधीच छापून ठेवलेल्या वाक्यांत बसवायचं! तरीही घरच्यांना ती तार सोन्यासारखी वाटे. वाक्यं उसनी असली, तरी ती निवडणारा हात जिवंत आहे, एवढं त्यातून कळायचं.

दार कोणी वाजवायचं?

आता आपला तिसरा प्रश्न. नोव्हेंबर १९६५, व्हिएतनाम युद्ध. इया द्रांगच्या खोऱ्यातल्या लढाईत बरेच अमेरिकन सैनिक पडले. जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावात त्यांची कुटुंबं राहत होती. एवढ्या तारा वाटायला माणसं नव्हती म्हणून त्या टॅक्सीवाल्यांकडे दिल्या गेल्या. अनोळखी टॅक्सीवाला दार वाजवणार, हातात पाकीट देणार आणि जाणार.

बेडफोर्डलाही टॅक्सीवाला होताच ना, असं एखादा हुशार विद्यार्थी विचारेल. फरक ओळखीचा आहे. तो गावातला होता, घर आणि माणसं त्याला माहीत होती.

त्या लढाईतले अधिकारी हॅल मूर यांच्या पत्नी ज्युलिया मूर यांना हे सहन झालं नाही. त्या स्वतः त्या घरांमध्ये गेल्या, बायकांजवळ बसल्या, अंत्यविधींना उभ्या राहिल्या. सैन्याकडे त्यांनी या पद्धतीची तक्रारही केली. पुढे नियम बदलला. अशी बातमी घेऊन गणवेशातला अधिकारी आणि त्याच्याबरोबर धर्मगुरू स्वतः घरी जाऊ लागले. यंत्रात काहीच सुधारणा झाली नव्हती. बदलला तो दारात उभा राहणारा माणूस.

वर्गात काय करता येईल?

• फळ्यावर क्रमांक घालून पंधरा साधी वाक्यं लिहा. प्रत्येकाने आपण घरापासून फार दूर आहोत असं समजून तीनच निवडायची आणि फक्त क्रमांक शेजारच्याला द्यायचे. शेजाऱ्याने ओळखायचं, पाठवणाऱ्याला खरं काय म्हणायचं होतं. काय सांगता आलं नाही, यावर पाच मिनिटं बोला.

• घरातल्या वडीलधाऱ्यांना तारेची एक आठवण विचारून दहा ओळीत लिहून आणायला सांगा. 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' हे वाक्य किती घरांत निघतं ते बघाच!

• मोठ्या वर्गात चर्चा घ्या : बातमी लवकर मिळणं महत्त्वाचं की खात्रीची मिळणं? बेडफोर्डचे ४१ दिवस समोर ठेवा. युद्धाच्या काळात मोबाईलवर फिरणारे फोटो आणि नावंही समोर ठेवा. आज एखाद्या जवानाचं नाव घरच्यांना कळण्याआधी शेकडो ग्रुपवर फिरू शकतं. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाशी कोणाचं तरी दार जोडलेलं असतं.

एक कळकळीची सूचना. मुलांकडून 'मृत्यूची तार' लिहून घेऊ नका, नाटुकल्यातही नको. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगरच काय, कुठल्याही शाळेत तुमच्या वर्गात एखाद्या जवानाचं लेकरू बसलेलं असू शकतं. त्याच्या घरी फोन वाजला की आजही आईचा चेहरा बदलत असेल. आधी वर्गशिक्षकांकडून माहिती घ्या, मग पाठ घ्या.

पालकांनाही एवढंच सांगणं. लढाईच्या बातम्या टीव्हीवर चालू असताना मुलांनी काही विचारलं तर त्यांना हे तीन प्रश्न द्या : कोण सांगतंय, किती सांगतंय, आणि ज्याची बातमी आहे त्याच्या घरी ती कोणी नेली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल, तर तो मेसेज पुढे पाठवायचा नाही. एवढी सवय लागली तरी हा पाठ पुरेसा शिकवून झाला असं समजा.